वरचा सूर

हिरामण : थांब, थांब. परत म्हन. त्याच कडव्यापासून.

पुतळा : तीनदा झाला ना आता. मना भात लावायचाय.

हिरामण : भात होल. तू वर जातेस ना, तिथं सूर पडतो तुझा.

पुतळा : पडतो?

हिरामण : मी फिडलवर वर जातो, तू खालीच रातेस. मंडलातल्या बाया बोलायच्या ता खराच हाय तर. गला गेला तुझा.

नमिता : बाबा, कानाला मशीन लावून आजचा दुसरा दिवस आहे. डॉक्टर बोलल्या ना, सुरुवातीला सगळं वेगळं वाटणार. काल कुकरच्या शिट्टीला दचकलात तुम्ही.

हिरामण : शिट्टी येगली, सूर येगला, सूनबाय. माझ्या बापानं मिठागराच्या बांधावर बसवून हातात फिडलचा गज दिला, तवा मी आठ वर्सांचा होतो. उरनपासून पनवेलपर्यंत एक हलद सोडली नाय. मना सूर कलतो.

नमिता : तसं नाही म्हणत मी.

हिरामण : उद्या हितेसची हलद. उरनच्या मोऱ्याला जायचाय. डीजे लावायच्या आदी एक तास दिलाय आपल्याला, जुन्या गान्यांना. त्यात गानारीच बेसूर झाली, तर पुडल्या लग्नात तो तासपन नाय भेटनार.

पुतळा : मंग काय करायचा?

हिरामण : सुनयनाला गायला सांगू या. उद्याच्यापुरता. तू तिच्या बाजूला बस, मागून म्हन.

पुतळा : बरा.

नमिता : आई, बरा काय? सांगा ना त्यांना.

पुतळा : तू गप रा गो.

नमिता : नाही राहणार. बाबा, सूर आईंचा नव्हता पडत. तुमचा पडायचा. तीन वर्षं. तुम्हाला वरचं ऐकू येईना, म्हणून बोट खाली पडायला लागलं. आणि तुम्ही जिथे खाली यायचात, तिथे आई मुद्दाम खाली यायच्या. दोघांचं जुळलेलं दिसावं म्हणून.

हिरामण : तुना कोनी सांगितला?

नमिता : कोणी कशाला सांगायला पाहिजे? ओट्याशी एकट्या गातात तेव्हा ऐकते ना मी. एकदम करेक्ट. तुम्ही फिडल घेतलीत की उतरतात.

हिरामण : काय गो? खरा हाय?

(पुतळा पदराने चष्मा पुसत राहते.)

पुतळा : धर्मराजला म्हाईत होता. पेटीवाला तो, त्याना कलनारच. बोलला, काकी, मी सांगतो काकांना. मीच हात जोडले त्याच्यासमोर.

हिरामण : का पन?

पुतळा : तुमी फिडल कायमची ठेवून दिली असतीत. शेत विमानतलात गेला, आपन करंजाड्याला आयलो, तवा सा मयने तुमी कोनाशी बोलला नव्हतात. खिडकीत बसायचात. फिडल काढलीत तवा पयला शब्द निघाला तोंडातून. मना परत तसा नको होता.

हिरामण : आनि नवरात्रात बायांच्या मंडलातून तुना काढली...

पुतळा : काढली नाय. बोलल्या, तू टाल्या वाजव.

हिरामण : मीपन बोललो त्यांना. हो, वय झाला तिचा. तू तिथंच होतीस.

पुतळा : होते.

हिरामण : आनि कायच नाय बोललीस.

पुतळा : बोलून काय झाला असता? हलदीला बोलवत होते ना आपल्याला.

नमिता : मग सुनयनाला फोन नको ना करायला?

हिरामण : नको. उद्या मीच माईकवर सांगतो. चूक माझी होती, हिचा गला चांगला हाय.

पुतळा : कायपन सांगायचा नाय. हलद त्या पोराची हाय. त्याच्या मांडवात आपला रडगाना कशाला?

हिरामण : मंग मी काय करू, ता तरी सांग.

पुतळा : मनाच कलत नाय. मगाशी मुद्दाम नाय उतरले मी. वर जायचा म्हनूनच घेतला होता. पन फिडल वाजली का गला आपसूक खाली येतो. सवय लागली.

नमिता : भात मी लावते. तुम्ही बसा दोघं.

पुतळा : दोन वाटी लाव. केतन कामावरून उशिरा येल, त्याचापन धर.

हिरामण : ये, अशी समोर बस. मी वर जाऊन थांबतो. तू सावकास ये. घाय नाय.

पुतळा : आनि उद्या सगल्यांच्या समोर नायच जमला तर?

हिरामण : तर मी खाली येईन.