तिरकी पट्टी

चाकांत हवा भरायच्या रांगेत गॅरेजवाल्याला राहवेना. तो पुढच्या गाडीच्या खिडकीशी गेला.

“काका, दाराची पट्टी तिरकी बसलीय. कुठल्या बहाद्दरानं बसवली?”

“माझ्या सुनेनं! घरीच, अंगणात.”

“आणि जुनी कशी काढली? तिचा गोंद जाता जात नाही.”

“हेअर ड्रायरनं गरम केला, मग शिवणकामाच्या दोऱ्यानं सरसर कापला. रंगावर ओरखडा सापडला तर सांगा!”

गॅरेजवाल्यानं बोट फिरवलं. सापडला नाही.

“हात साफ आहे पोरीचा. चला, पट्टी सरळ करून देतो.”

“खबरदार! तीही रोज तेच म्हणते, मीच हात लावू देत नाही. सरळ असती, तर तुम्ही विचारलं असतं का, कुणी बसवली म्हणून?”