परतुली मागे का बघते

आपल्या कंपनीचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपले चित्रकार काका, पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या काकू, आणि जेवणाकडे एक डोळा ठेवून ऐकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्या व्हिडिओ गेममधले प्राणी काका जन्माला घालतात आणि मी त्यांना नावं ठेवते. नावं ठेवणं हा माझा जन्मजात गुण, असं आमच्या सासूबाईही म्हणतात.

हे प्राणी येतात कुठून? कल्पनेतून, असं पाहुण्यांना वाटत असेल. छे. खालच्या मजल्यावरचा जुना प्रिंटर कागद गिळून फुत्कारायचा, त्याचा झाला फुसांड्या. आपले हिशेबनीस चहा पिताना गाल फुगवतात, त्यांचा गालबोंड. साहेब, आजच कळलं असेल तर राग मानू नका. नाव पक्कं करायची आमची रीत साधी होती. मी जिन्याखालून हाक मारायची. वर काकांना नीट ऐकू आली, तर नाव पास.

परतुली तुम्हाला माहीतच आहे. बुटकी, गोल, लांब कानांची. खेळणाऱ्याला वाट दाखवत पुढे चालते आणि मध्येच थांबून मागे वळून बघते. खेळ तपासणाऱ्या मुलांनी ती चूक म्हणून नोंदवली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "चूक नाही, ती आमची ही आहे." घराबाहेर पडलं की काकू सारख्या मागे वळतात, कुलूप नीट लागलंय ना ते बघायला, असं काका सांगायचे. आम्ही पोट धरून हसलो आणि परतुली ठेवली.

आता खेळाची नवी आवृत्ती येतेय. परतुलीच्या वळण्यात खेळणाऱ्यांचा वेळ जातो, म्हणून ते काढायचं ठरलं. निरोपाची भेट काय हवी, असं काकांना विचारलं, तर म्हणाले, काही नको, तेवढं तिचं वळणं राहू द्या. अध्यक्षांनी नाही म्हटलं. एकीच्या विसरभोळेपणापायी सगळ्यांचा खोळंबा कशाला, हे त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. काकांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

मग मी काकूंना आमंत्रण द्यायला गेले आणि बोलण्याच्या ओघात कुलपाची गोष्ट निघाली. काकू चकित झाल्या.

"कुलूप कोण बघतंय गं?" त्या म्हणाल्या. "हे रस्त्यात काही दिसलं की उभे राहतात. पावलं ऐकू आली नाहीत की मी वळते. पुढे जाऊन एकटी काय करू?"

काका, हे मी तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही. अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी लगेच खेळाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना बोलावून घेतलं. काल काम पूर्ण झालं. परतुली आता उगाच वळणार नाही. खेळणारा मागे राहिला, तरच थांबेल आणि वळून बघेल. घाईत असणाऱ्यांचं काही अडणार नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ भूक आवरून धरणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कुणाची जास्त थट्टा झाली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर सांभाळून घ्या.

आणि काका, आज घरी जाताना काकू वळून बघतील. तेव्हा हात वर करा आणि "येतोय" म्हणा.