शेवटच्या रांगेतली चिठ्ठी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका डोना प्लँकबाई, व्यासपीठावर बसलेले महापौर व्हीटलीसाहेब, तेहतीस वर्षं आपल्या मुलांना फुटबॉल शिकवून आज निवृत्त होणारे कोच एमेट स्ट्राउड, त्यांच्या पत्नी विल्मा वहिनी, संघाचे आजी-माजी खेळाडू आणि पाठीराखे मंडळाच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी लोवेल ब्रँट. काउंटीच्या जमीनमोजणी खात्यात माझी सगळी नोकरी झाली. नकाशे काढणाऱ्याला बोलायचं काम फारसं पडत नाही. त्यामुळे मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो होतो. मग मीच फोन करून हो म्हणालो. का, ते आता सांगतो.

कोचनी किती सामने जिंकले, किती मुलांना कॉलेजची वाट दाखवली, हे महापौरांनी छान सांगितलं. त्यात मी भर घालत नाही. मला एकाच शनिवारबद्दल बोलायचं आहे.

शुक्रवारी सामना आणि शनिवारी सकाळी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये नाश्ता, हे आपल्याकडे पहिल्यापासून चालत आलं आहे. पॅनकेक, सॉसेज, पातळ कॉफी. पडद्यावर आदल्या दिवशीच्या सामन्याची चित्रफीत, आणि मग सगळ्या गावाचं तोंड सुटतं. पण एक नियम कोणी कधी मोडला नाही. खेळाडूच्या वडिलांनी शेवटच्या रांगेत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. त्या बदल्यात बाकीच्यांनी मुलाचं नाव घ्यायचं नाही, फक्त नंबर घ्यायचा. बापाच्या मनाला लागू नये म्हणून. आपल्याला वाटतं, नंबर घेतला की लागत नाही. हो ना?

चौऱ्याण्णव साली बारा नंबर माझा मुलगा होता. वेड ब्रँट. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू व्हायचा, आणि त्या वर्षी प्रत्येक डाव त्याच्याच हातातून निसटत होता. चार सामने झाले होते, चारही हरलो होतो. त्याने फेकलेले अकरा चेंडू समोरच्या संघाने झेलले होते.

त्या शनिवारी मर्ल ओकली उभा राहिला. बसून राहणं मर्लला तेव्हाही जमत नव्हतं. आपला न्हावी आहे, खुर्चीवर दुसऱ्यांना बसवण्याची त्याला सवय. मर्ल म्हणाला, "बारा नंबरच्या हातात जोर आहे, मी नाही म्हणत नाही. पण चेंडू आपल्याच माणसाकडे टाकायचा असतो, हे त्याला कोणीतरी सांगा की!"

हॉल हसला. मग शाळेची बस चालवणाऱ्या जून पॅटरसन उठल्या. "मर्ल, माझ्या धाकट्याचा कान कापलास तेव्हा तुला कोणी बाकावर बसवलं होतं का?"

"जून, कानाचा नुसता कोपरा होता तो!"

"आणि हे नुसते चार सामने आहेत. पोरगं सतरा वर्षांचं आहे. त्याच्या पुढे उभे राहणारे पाच जण समोरच्यांना वाट मोकळी करून देतात, ते दिसत नाही तुला? फेकायला त्याला दोन क्षण तरी मिळतात का?"

"दहावीतला तो दुसरा पोरगा तेवढ्याच वेळात फेकतो."

"सरावात फेकतो. सरावात माझी बससुद्धा वेळेवर पोचते."

असं तासभर चाललं. मी शेवटच्या रांगेत पॅनकेकचे बारीक बारीक तुकडे करत बसलो होतो. खाल्ला एकही नाही. जून, त्या दिवशी तुम्ही जे बोललात त्याबद्दल मी तुमचे आभार कधीच मानले नाहीत. आज मानतो.

शेवटी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, 'खेळवा' किंवा 'बसवा' एवढंच लिहायचं. चिठ्ठ्या एकट्या कोचनी वाचायच्या आणि निर्णय त्यांनीच घ्यायचा. वडिलांना बोलायला बंदी होती, चिठ्ठीला नव्हती. हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. किंवा बाप काय लिहिणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं असावं.

मी 'बसवा' लिहिलं.

कारण सांगतो. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक डावाआधी वेड मान वळवून प्रेक्षकांमध्ये मला शोधायचा. लहानपणापासूनची सवय. पहिल्या सामन्यात मी हात वर केला. चौथ्या सामन्यापर्यंत माझ्या पुढच्या ओळीतली माणसं त्याला काय काय म्हणत होती, ते ऐकत मी तिथे बसलो होतो, आणि तो शोधत होता, आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. दोन्ही नाड्या नीट बांधलेल्या होत्या. मला वाटलं, हे थांबलं पाहिजे. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

हॉलबाहेर माझ्या गाडीपाशी कोच आले. नकाशावर लिहून लिहून माझं अक्षर छापल्यासारखं झालेलं, सगळ्या काउंटीला माहीत. ते म्हणाले, "लोवेल, तुमचं अक्षर मी कुठेही ओळखेन. काळजी करू नका. माझ्याकडून बाहेर जाणार नाही." आणि गेले.

सोमवारच्या सरावात कोचनी वेडला बाकावर बसवलं. घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरात मला विचारलं, "बाबा, शनिवारी तुम्ही होतात ना? कोण काय म्हणालं?"

मी म्हणालो, "बापांनी बोलायचं नसतं. तुला माहीत आहे."

तो म्हणाला, "माहीत आहे. बोलता आलं असतं तर तुम्ही बोलला असतात."

मी 'हं' म्हणालो. एवढंच. मी त्याच्याशी कधी खोटं बोललो असेन, तर ते त्या एका अक्षराने.

उरलेल्या सामन्यांत तो बाकावर होता, माझ्याकडे पाठ करून. त्याने पुन्हा वळून पाहिलं नाही. माझी पत्नी आर्लीन तेव्हापासून स्ट्राउड कुटुंबाशी बोलली नाही. विल्मा वहिनी, दुकानात तुम्ही नमस्कार करायचात आणि ती डब्यांवरच्या किमती वाचत राहायची. मी बाजूला ढकलगाडी धरून उभा असायचो. एक वाक्य बोललो असतो तर ते संपलं असतं. माझ्याकडे ते वाक्य एकोणतीस वर्षं होतं.

वेड पुढे चांगला माणूस झाला. पुलांचं काम करायचा. त्याला दोन मुली आहेत. मागच्या हिवाळ्यात तो आजारी पडला आणि मार्चमध्ये गेला. सेहेचाळीस वर्षांचा होता. शेवटचे दोन महिने कोच दर गुरुवारी त्याच्या घरी येऊन बसायचे, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. आर्लीन घरी जेवायला गेली की ते यायचे, तिला त्रास नको म्हणून.

एका गुरुवारी मी बर्फाचा पेला घेऊन दारापाशी आलो आणि वेडचा आवाज ऐकून थांबलो. तो म्हणत होता, "कोच, त्या शनिवारी माझ्या बाजूने किती चिठ्ठ्या होत्या?"

"नाही आठवत रे."

"थापा मारू नका. तुम्हाला एक्याण्णव सालचा पाऊस आठवतो."

"चिठ्ठ्यांवर मी कधी ठरवलं नाही. तुला मी बसवलं. रागवायचं तर माझ्यावर रागव."

वेड हसला. हसताना त्याला दुखायचं. म्हणाला, "एक चिठ्ठी तरी पक्की होती. बाबांची."

कोचनी नजर वर केली. त्यांना मी दारात दिसत होतो. मला आत जाता आलं असतं. चार पावलं होती. मी बर्फ वितळेपर्यंत तिथेच उभा राहिलो. मग ते दोघं दुसऱ्या कुठल्या सामन्यावर बोलू लागले. त्यानंतर नवव्या दिवशी वेड गेला.

आता रोज मी त्या चार पावलांपाशी जातो. तो रागावला असता का? की "बाबा, मला तेव्हाच कळलं होतं" म्हणाला असता? तो रागावलेला असता तरी मला चाललं असतं. मला त्याचा आवाज ऐकायचा होता.

आज सकाळी मी आर्लीनला सांगितलं. ती उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग, लोवेल? त्याला सांगायचं होतंस." थोड्या वेळाने तिने कपाटातून आपला निळा पोशाख काढला आणि म्हणाली, "चल. उशीर होईल." ती तिसऱ्या ओळीत बसली आहे.

तर कोच, आज सगळे तुमच्या विजयांचा गौरव करत आहेत. माझ्या घराने तुमच्यावर एक ठपका ठेवला होता. त्यातला माझा वाटा मी या सगळ्यांसमोर परत घेतो. माझ्या चिठ्ठीने काही ठरलं की नाही, ते तुम्हीच जाणता. मला ते सांगू नका.

मात्र दुसरं एक मागायचं आहे, आणि ते आर्लीनने मागायला सांगितलं आहे. रविवारी तुम्ही आणि विल्मा वहिनी आमच्याकडे जेवायला या. वेडबद्दल आम्हाला जे आठवत होतं ते आम्ही दोघांनी एकमेकांना सांगून संपवलं आहे. तुमच्याकडे त्याची चार वर्षं आहेत. रोजच्या सरावातली, बसमधली, हरून परत येतानाची. आम्ही ती पाहिलेली नाहीत. जेवढं आठवेल तेवढं सांगा. त्याने कोणाला शिवी दिली असेल तर तीही सांगा.

अध्यक्षबाई, दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोललो, आणि आनंदाच्या कार्यक्रमात जे बोलायचं नसतं तेही बोललो. सभेने ते शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. आणि कोच, आम्ही एक वाजता जेवायला बसतो, पण तुम्ही लवकर या.