जावयाचं चाकाचं घर

उन्हाचं मला सांगू नका, आमच्या जावयाला इचारा. औंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला, अन् हा गडी पुण्याहून मोटारीमागं चाकाचं घर ओढत गंगापूरच्या मळ्यात हजर. आत पलंग, मोरी, एसी, समदं.

म्हनलं, "जावईबापू, खाली कडुलिंबाच्या सावलीत लावा."

"नको मामा, पाखरं घाण करतात. रंग खराब होतो."

लावलं वर चढाला, उघड्या उन्हात. चाकाखाली दगड सारला अन् मोटार सोडवली. दुपारी लाईट गेली, एसी बंद. जावई आत वांग्यावानी उकडला.

"मामा, मी निघतो."

घरात पुरणाचे धोंडे तळायचे होते. जावई उपाशी गेला असता, तर म्हातारीनं मलाच तळलं असतं. मी चाकाच्या घराच्या टपावर कडबा आवळून बांधला, वरून पाणी मारलं. लई गार झालं. जावई घोरायला लागला.

तेवढ्यात म्हैस सुटली. टपावरनं लोंबणारा ओला कडबा तोंडात धरून तिनं असा हिसडा मारला, की दगड निसटला अन् घर निघालं उताराला.

"मामा, ब्रेक लावा! ब्रेक!"

"कुणाला? म्हशीला?"

घर जाऊन थेट कडुलिंबाच्या बुडाला टेकलं. जावई चड्डीवर बाहेर आला, वर सावलीकडं बघितलं, अन् गुमान आत जाऊन झोपला.

मी म्हातारीला म्हनलं, "तळ आता धोंडे. पण पहिलं ताट म्हशीला वाढ. जावयानं माझं नाय, तिचं ऐकलं."