आखाडातलं मटण

हिर्डोशीत एक म्हातारी राहायची, तिचा लेक दत्तू अन सून सुनीता. ती म्हातारी म्हंजी मीच.

दत्तूला शुगर निघाली, तसं सुनीतानं घरातलं मटण, साखर, तेल बंद केलं. नाचणीची भाकरी, कडधान्यं, रानभाज्या. आमी बी मुकाट खायला लागलो.

तेवढ्यात आखाड आला. आखाडात जावयाला मटण घालायचं, ही आमची रीत. जावई रुसले तर माझ्या लेकीला, मंगलला, नागपंचमीला माहेरी धाडायचे न्हाईत.

"माझी लेक आली न्हाई, तर तुझ्याशी बोलायची न्हाई," मी सुनीताला म्हनलं.

"आत्या, मटण शिजणार न्हाई. वाटण मात्र मटणाचंच घालते."

अन तिनं रानातली अळंबी शिजवली.

उत्रोलीचे जावई जेवायला बसले. पहिला घास खाल्ला अन थांबले. त्यात शेजारच्या तात्यांनी दारातनं विचारलं, "काय पाव्हणं, मटण कसं हाय?"

"झकास. लई कवळं हाय."

तात्या गेल्यावर जावई हळूच म्हनले, "मामी, अळंबी वळखतो मी. मला बी डॉक्टरनं मटण बंद केलंय. पण आखाडात जावयानं भाजी मागितली तर गाव हसंल."

"मग आता वं?"

"मंगलला पुरा श्रावण ठिवून घ्या. वहिनींकडनं असलं समदं रांधायला शिकली की धाडा."

दहा वर्सं मटण घालून जी लेक दोन दिसांच्या वर मिळाली न्हाई, ती अळंबीवर म्हयनाभर मिळाली.