काचेवरचा चुना पुसला त्याबाबत

पुरवणी जबाब, वेळ दुपारी चार वाजून चाळीस मिनिटे.

नाव व पत्ता आज सकाळच्या तक्रारीत आहे तोच. वय त्रेपन्न वर्षे. धंदा ग्रीनहाऊसचे आराखडे करून देणे व ती चालवणे. सकाळी धंद्याच्या रकान्यात 'बागकामाची आवड' असे लिहिले गेले, ते चूक आहे.

समक्ष हजर राहून सांगते की, आमच्या घराच्या मागच्या अंगाला माझे स्वतःचे काचघर आहे. लांबी अठरा मीटर, रुंदी आठ मीटर. छपराला बारा झडपा आहेत, त्या आतून चाक फिरवून उघडतात. आत ऑर्किडच्या नऊशे चाळीस कुंड्या आहेत. ही रोपे मी बियांपासून वाढवली, त्याला पाच वर्षे झाली. यंदा ती पहिल्यांदा फुलणार होती. ऑर्किडला उजेड हवा असतो, पण थेट ऊन सोसत नाही, म्हणून उन्हाळा लागला की छपराच्या काचेवर बाहेरून चुन्याचा पातळ लेप देतात. लांबून बघणाऱ्याला काच मळलेली वाटते. ती मळलेली नसते. हे मी आजवर किती जणांना सांगितले याची गणती नाही.

हा लेप नऊ वर्षे माझ्याकडे कामाला असलेला मिस्त्री देतो. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणतात. वय साठच्या पुढे. गेल्या गुरुवारी दुपारी आमचा वाद झाला. त्याचे म्हणणे असे की लेप यंदा जाड झाला आहे, कळ्या धरायच्या वेळी उजेड कमी पडेल, जरा पुसून पातळ करू. मी त्याला विचारले की आराखडा कोणी केला आहे.  त्याने ब्रश धुऊन जागेवर ठेवला आणि साडेचारला घरी गेला. एरवी तो साडेपाचला जातो.

शुक्रवारी सकाळी मी एका नवीन ग्रीनहाऊसच्या मोजमापासाठी बाहेरगावी गेले. शुक्रवार, शनिवार मिस्त्रीची सुट्टी होती, कारण त्याच्या सुनेचे आईवडील यायचे होते. ही सुट्टी मीच त्याला आठ दिवस आधी दिली होती. सकाळच्या तक्रारीत मी हे सांगितले नाही. विसरले असे म्हणता येणार नाही.

आज रविवारी साडेदहाला परत आले. बॅग हातात घेऊन, घरात न जाता, सरळ काचघरात गेले. छपराची सगळी काच लख्ख पुसलेली होती. बाराही झडपा बंद होत्या. माझ्या तापमापीवर मागच्या वेळी पाहिल्यानंतरचे सर्वांत जास्त तापमान नोंदलेले राहते, ते एकावन्न अंश होते. पाने पांढरी पडून भाजली होती, काही कडेने तपकिरी. किती गेली ते मोजायचा धीर झाला नाही. झडपा उघडल्या आणि बॅगेसकट पोलीस ठाण्यात आले.

ठाण्यात अंमलदार साहेबांना प्रकार समजावून सांगायला पाऊण तास लागला. ते म्हणाले, "बाई, कोणीतरी तुमची काच पुसून दिली. यात गुन्हा कुठला लिहू?" त्यांचा दोष नाही, पण माझे डोके फिरले. संशय कोणावर, असे त्यांनी विचारले तेव्हा मी मिस्त्रीचे नाव घेतले. त्याच्याकडे किल्ली असते, झडपांचे चाक त्याला ठाऊक आहे आणि गुरुवारी वाद झाला होता, अशी तीन कारणे मी सांगितली. तिसरे कारण मी सर्वांत आधी सांगितले.

सव्वा वाजता मिस्त्रीला आणले. तो पाहुण्यांबरोबर जेवायला बसला होता, हात धुऊ दिला नाही असे तो म्हणतो. त्याच्या नखांत चुना सापडला अशी नोंद झाली आहे. उन्हाळाभर त्याच्या नखांत चुनाच असतो. मी तेव्हा दोन हात अंतरावर उभी होते आणि हे बोलले नाही.

पावणेतीनला पंचनाम्यासाठी पोलिसांसह काचघरी गेलो. आवाज ऐकून माझे यजमान कंबर धरून बाहेर आले. ते दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. चौतीस वर्षे एकाच कचेरीत होते. तेव्हापासून त्यांनी घरातले पंखे तीनदा पुसले, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि माझ्या आराखड्याच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावल्या. मीच वैतागून म्हणाले होते की घरभर फिरण्यापेक्षा एखादे धड काम हातात घ्या. शुक्रवारी निघताना काचघराकडे लक्ष ठेवा, असेही मीच सांगितले होते.

ते पोलिसांना नमस्कार करून मला म्हणाले, "कशी झाली काच? मिस्त्री नाही म्हटल्यावर मीच चढलो."

शुक्रवारी आणि शनिवारी ते सकाळपासून शिडीवर होते. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडके वापरले. साबणाचे पाणी झाडांवर गळू नये म्हणून स्वयंपाकघरातली जादा किल्ली घेऊन आत गेले आणि सगळ्या झडपा नीट बंद केल्या. त्या पुन्हा उघडायच्या असतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. नंतर आत पाऊल टाकले नाही, कारण झाडांना कोणी हात लावलेला मला खपत नाही. हेही खरे आहे. पाने पाहिल्यावर ते उलट्या बादलीवर बसले. पंचनाम्यात बादलीचा उल्लेख आहे.

यजमानांविरुद्ध माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती ठाण्यात लिहून घेण्यासारखी नाही.

मिस्त्रीचा या प्रकाराशी काही संबंध नाही. त्याचे नाव सकाळच्या तक्रारीतून खोडावे अशी मी विनंती केली. खोडता येत नाही, फार तर पुरवणी जबाब लिहून जोडता येतो, असे मला सांगण्यात आले. नाव लिहायला एक मिनिट लागले होते.

चार वाजता मी बाहेर बाकावर मिस्त्रीजवळ गेले आणि झाले ते सगळे सांगितले. त्याने आधी विचारले की रोपांचा गाभा काळा पडला आहे का. मी म्हणाले, बहुतेकांचा हिरवा आहे. मग त्याने खाली बघतच सांगितले की आज एकही पान कापू नका, ऊन उतरल्याशिवाय पाणी देऊ नका, छपरावर मिळेल ते कापड टाका आणि लेपाची घाई करू नका, निम्म्याहून जास्त रोपे वाचतील. मी हे सगळे हातावर लिहून घेतले, कारण कागद आत राहिला होता. नंतर तो म्हणाला, "नऊ वर्षं लेप मी लावतोय. तुम्हाला वाटलंच कसं, मी तो असा पुसेन?"

मी काय उत्तर दिले असे अंमलदार साहेबांनी आत्ता विचारले. मी कागदाबद्दल बोलले, असे लिहावे.

तुझे नाव कागदोपत्री साफ करून घेते, असे मी त्याला म्हणाले. त्यावर तो उठला. "कागदाचं तुम्ही बघा. मला उचललं ते गल्लीतून," एवढे बोलून तो चालत घरी गेला. उद्या कामावर येणार का, ते मी विचारले नाही.

हा जबाब मला अंमलदार साहेबांनी वाचून दाखवला. त्यात 'गैरसमजातून नाव घेतले' असे होते, ते माझ्या सांगण्यावरून 'खात्री न करता, रागाने नाव घेतले' असे केले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. याची एक प्रत मी मागून घेतली आहे. इथून निघून मी मिस्त्रीच्या गल्लीत जाणार आहे आणि त्याच्या दारासमोर उभी राहून, त्याचे पाहुणे व शेजारी यांना ऐकू जाईल असा, हा जबाब पहिल्या ओळीपासून वाचणार आहे.