दुसऱ्या कडव्यातली कॉलर

जबाब देणार : गल्लीत ‘शिवणवाली आजी’ म्हणून ओळख, कागदावरचं नाव साहेबांनी वेगळ्या पानावर घेतलं आहे. वय : कागदावर अडुसष्ट, खरं बहात्तर. शिक्षण : दुसरीपर्यंत, सही येते. धंदा : शिवणकाम, मुख्यतः शाळेचे गणवेश. राहणार : शाळेच्या मागची गल्ली, दुसरा मजला, खाली कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान.

मी कोणी न बोलावता ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी माझी लेक आणि नात यांच्यासोबत राहते. लेक शाळेत गाणं शिकवते, म्हणजे शिकवत होती. अठरा दिवसांपूर्वी तिला शाळेने घरी बसवलं.

त्याचं कारण असं. शाळेच्या कार्यक्रमात तिच्या मुलांनी एक गाणं म्हटलं. एका पालकाने ते मोबाईलवर घेऊन सगळीकडे पाठवलं. पुढच्याच महिन्यात एका मोठ्या गायिकेच्या गाण्यांचा संग्रह निघाला. पंचवीस वर्षांतली चोवीस गाजलेली गाणी आणि पंचविसावं अगदी नवं, याच वर्षी बांधलेलं. ते नवं म्हणजेच मुलांनी म्हटलेलं. संग्रह काढणाऱ्या कंपनीने तक्रार दिली की माझ्या लेकीने गाणं बाहेर येण्याआधीच चोरलं. पोलिसांनी तिचा मोबाईल आणि कॉम्प्युटर नेला.

ही गायिका आमच्या घरात वाढली म्हटलं तरी चालेल. लेकीची मैत्रीण. मी तिला चिमणी म्हणत असे, कारण खायची चिमणीएवढं आणि बोलायची दहा जणींचं. संग्रहाच्या कव्हरवर तिचा पहिल्या कार्यक्रमातला फोटो आहे. त्यातला निळा झगा मी शिवला आहे. डाव्या खांद्यावर टीप वाकडी गेली आहे, भिंगातून पाहा. साहेब म्हणाले, झग्याचं राहू द्या.

काल, रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास नातीने तो संग्रह लावला. लेक म्हणाली, बंद कर. नात म्हणाली, आपल्यावर आळ आला ते गाणं तरी नीट ऐकू दे. मी कापड बेतत होते. पहिल्या गाण्यात चिमणीला सर्दी झाली आहे, ते मला अजून आठवतं. दहाव्याच्या पुढे आवाज जाड झाला, पण गोड आहे, उगाच खोटं का बोलू. मग पंचविसावं लागलं आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली. गाण्याच्या खाली माझं मशीन चालत होतं.

मला इतका आनंद झाला की मी नातीचा मुका घेतला. लेक रडत होती. तिला वाटलं, म्हातारीला काही झालं.

हकिकत तेवीस वर्षांपूर्वीची आहे. शब्द लेकीचे, चालही लेकीची. दोघींनी दाराला चादर लावून आमच्या खोलीत ते टेप केलं. मला सकाळपर्यंत चाळीस शर्ट द्यायचे होते. लेक म्हणाली, आई, मशीन थांबव. चिमणी म्हणाली, “काकू, थांबू नका. तुमचा ठेका बरा आहे.”

तेव्हा माझ्या मशीनच्या आतल्या चाकाचा एक दात तुटलेला होता आणि शेजारचा अर्धा झिजलेला. त्यामुळे दर फेऱ्याला ‘टक’ आणि मागून बारीक ‘टिक’ यायचं. एकोणीस वर्षांपूर्वी कारागिराने चाक बदललं. तारीख त्याने मशीनच्या फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने लिहिली आहे. त्या दिवसानंतर तो आवाज या जगात कुठेही आलेला नाही. मोडकं चाक मी बटणांच्या डब्यात ठेवलं होतं. मी काही टाकत नाही, यावरून घरात मला बोलणी बसतात.

आज मशीन, डबा आणि तो कारागीर, तिन्ही घेऊन मी साडेअकराला ठाण्यात आले. त्याने जुनं चाक बसवलं. मी शर्टाची कॉलर शिवली. शिपायाने मोबाईलवर गाणं लावलं. टक आणि टिक दोन्ही जुळले. दुसऱ्या कडव्यात ठेका थांबतो, क्षणभर दम घेतो आणि पुन्हा धावतो. ते कॉलरचं टोक आहे. तिथे सुई आत ठेवून कापड फिरवावं लागतं. कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलीने सांगितलं की माणसांचे आवाज पुसून खालचा ठेका ठेवता येतो. म्हणजे माझ्या लेकीचा आवाज पुसला आणि माझी कॉलर ठेवली.

साहेब म्हणाले, “आजी, तुम्ही आई. लेकीच्याच बाजूने बोलणार.”

मी म्हटलं, “मी बोलेन. मशीन कशाला बोलेल?”

टेप कंपनीकडे कशी गेली असं विचारल्यावरून सांगते. गेल्या वर्षी एका दुपारी, लेक शाळेत असताना, गायिकेचा मॅनेजर आमच्याकडे आला. बूट इतके चकचकीत की मी ते बाहेर काढायला सांगितले नाहीत. संग्रहात फोटो छापायला जुन्या कॅसेट हव्यात म्हणाला. मी बुटांचं खोकं पुढे केलं. तेव्हाच पाल चुकचुकली होती. ज्याला फोटो हवा तो रंगीत कव्हरं नेईल. हा रंगीत सगळी बाजूला ठेवत होता आणि लेकीच्या अक्षरातल्या तेवढ्या उचलत होता. सहा नेल्या. पावती दिली नाही. चहा दोनदा घेतला. चिमणीने तुमची आठवण काढली आहे, असं जाताना म्हणाला, आणि मी पाघळले.

हे मी लेकीला सांगितलं नाही. आळ आल्यापासून ती पुराव्यासाठी तीच टेप शोधत कपाट उपसत होती, तेव्हाही नाही.

कोणावर संशय आहे का, असं विचारलं. मॅनेजरवर आहे. गायिकेवर आहे का, हे लिहू नका म्हटलं, तरी साहेबांनी पेन उचललं आहे, तर लिहा. आहे. ती यंदा ते गाणं नव्याने गायली तेव्हा तो ठेका तिच्या कानात होता. तो कोणाचा हे तिला कळलं नाही, असं मला कोणी सांगू नये.

मशीन पुरावा म्हणून ठेवून घ्यायचं असल्यास पावती द्यावी. सुईखालची कॉलर माझी नाही, गिऱ्हाइकाची आहे.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला आहे. तो मला मोठ्याने आणि दार उघडं ठेवून वाचून दाखवावा, असं मीच सांगितलं, कारण बाहेर बाकावर लेक बसली आहे आणि खोक्याची गोष्ट मला तिच्या तोंडावर सांगता येत नव्हती. वाचून झाला, बरोबर आहे. लेक आत आली. माझा चष्मा पदराला पुसून तिने मला घातला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

सही.